आक्काची हरकत

कोल्हापूर जेल, ४ ऑगस्ट २०२४

आक्का,

वर नमस्कार लिहायचा का न्हाय ते ठरंना, म्हणून सोडून दिला. फोन लावतो तर तू उचलत न्हाईस. हितं लाइनीत थांबून नंबर लागतो, आणि तिकडं नुसती रिंग वाजत ऱ्हाते. मागं उभारलेले हसत्यात. "धैर्या, बहीण बिझी हाय तुझी." एकाचं त्यावरनं तोंड फोडलं मी. लई न्हाय, ओठ फाटला. तेबी तुझ्यामुळंच.

कामाचं सांगतो. माझ्या फर्लोचा अर्ज गेलाय. फर्लो म्हंजे सजा चालू असतानाच थोडे दिवस घरी सोडत्यात ते. आई तिकडं गडहिंग्लजला एकटी पडलीया. अंथरुणावरनं उठता येत न्हाय, शेजारची धोंडुबाई भाकरी देऊन जाती म्हणून जगली. आई रोज माझं नाव घेती म्हणं. मला तिचं तोंड बघायचंय, दुसरं कायबी नको. पण सोडायच्या आधी पोलीस चौकशी करत्यात, आणि ज्येचा माणूस मेला त्येला पहिलं विचारत्यात. म्हंजे तुला. शाहूवाडीचे पोलीस मलकापुरात तुझ्या दारात येतील आणि विचारतील, ह्याला सोडलं तर तुमची हरकत हाय का. तू न्हाय म्हणायचं. एवढंच काम हाय.

आणि म्हणायलाच पाहिजे की. कुणासाठी केलं मी? दाजी तुला म्हशीच्या दाव्यानं मारायचा. तू आईला फोन करून रडलीस आणि आईनं मला सांगितलं. दुधाचा टेम्पो रस्त्यात कडंला लावून, क्यान तशीच उन्हात ठेवून आलतो मी. हंबीरराव दाजी सोप्यात बसून कोंबडं खात होता. मला बघून हसला. "या पावणं, बसा जेवायला." पुढचं तुला म्हाईत हाय.

वकील म्हणालता, बहीण साक्षीला फितूर झाली तर सुटशील. तू कसली फितूर होतीयास. भर कोर्टात माझ्याकडं बोट केलंस. ज्या बाईच्या पाठीवरचे वळ बघून माझं डोकं फिरलं, तिनंच.

हितं पूर्णिमा म्याडम म्हणून येत्यात, समुपदेशक. कैद्यांच्या डोक्याचं बघत्यात. कुणाला झोप येत न्हाय, कुणी हात कापून घेतो, कुणाचा राग निवत न्हाय. माझ्याशी त्या एकच खेळ खेळत्यात. टेम्पो सोडला तिथनं सांगा म्हणत्यात. मी सांगतो, दारात गेलो, दाजी हसला, मग पोलीस आले. त्या म्हणत्यात, "मधलं राहिलं." मी म्हणतो, मधलं काय न्हाय म्याडम. "बरं, पुढच्या वेळी." ना हसत्यात, ना चिडत्यात. लई डोक्यात जाती बाई. पण अर्जाला तिचा अहवाल लागतो, म्हणून गप ऐकून घेतो.

पोलीस आले की न्हाय म्हण. एवढं केलंस तर बाकीचं सगळं सोडून देतो.

तुझा भाऊ,
धैर्यशील


१ सप्टेंबर

आक्का,

उत्तर न्हाय. बरं. मी लिहितो, तू चुलीत घाल.

म्याडमनी एक काम गळ्यात मारलंय. बराकीत पिराजी म्हणून हाय, मेंढरं राखणारा. सख्ख्या भावाच्या डोक्यात दगड घातला त्येनं. त्येला आवाज ऐकू येत्यात, भिंतीतनं, नळातनं. मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर येऊन गोळ्या लिहून गेले. त्या गोळ्या त्येनं माझ्यासमोर गिळायच्या आणि जीभ वर करून दाखवायची, असं ठरवून दिलंय. मी म्हणालो, मीच कशाला. म्याडम म्हणाल्या, "तुमचं बराकीत ऐकतात, धैर्यशील. आणि तुम्हाला कुणाला जपता येतं का, ते तुमचं तुम्हालाच कळू दे." वर अहवालाची आठवण करून दिली. मी व्हय म्हणालो.

गोळ्या पोटात गेल्या आणि पिराजी निवला. झोपाय लागला. माझं काम भटारखान्यात हाय, तिथं माझ्या हाताखाली कांदा चिराय यायला लागला. एकदा चिरता चिरता म्हणाला, "भाऊ लई गुणाचा होता रं माझा." आणि रडला. मी म्हणालो कांद्यानं हुईत असंल. त्यो म्हणाला न्हाय, कांद्यानं न्हाय.

पण बराक पेटली की. त्येचं असं हाय, गोळ्यांच्या आधी पिराजीच्या अंगात यायचं. बिरदेव. डोळं पांढरं करून हुंकारायचा आणि भाकणूक सांगायचा, यात्रेत सांगत्यात तशी. कुणाचा जामीन हुणार, कुणाची बायको घर सोडणार. दोघातिघांचं खरं झालं. मग काय विचारतीस, सगळी बराक त्येच्या पायाशी. मीच भटारखान्यातनं हळद उचलून आणायचो, भंडारा म्हणून उधळाय. गोळ्यांनी देव गप झाला आणि खापर माझ्यावर फुटलं.

पृथ्वीराज म्हणून एक हाय, खंडणीतला. अंगानं रेडा. त्येनं मला नळावर गाठलं. "देवाला गोळ्या चारतोस व्हय रं?" म्हणून माझं डोकं तोटीवर आपटलं. मी त्येच्या कानात दात रोवले. तुकडा आला न्हाय, पण रगात घशापतोर गेलं. त्यो बोंबलत सुटला. मी चूळ भरली आणि आमटी ढवळाय गेलो. दुपारी सगळ्यांनी तीच आमटी खाल्ली.

हसू नको, पण खरं सांगतो. मलाबी भाकणूक पाहिजे होती. तू पोलिसांस्नी काय सांगणार हे मला कोण सांगणार? तू तर फोनबी उचलत न्हाईस. म्हणून त्येच्या गोळ्या मोरीत टाकाय लागलो. पिराजी म्हणाला, "नको रं, परत ते बोलाय लागतील." मी म्हणालो, बोलू दे की, थोड्या दिवसांचा प्रश्न हाय. म्याडमनी विचारलं, घेतो का गोळ्या. डोळ्यात डोळं घालून व्हय म्हणालो.

देव आला. मी हळद उधळली आणि विचारलं, माझी बहीण काय करणार. त्यो हुंकारला, मान गरागरा फिरवली आणि म्हणाला, "बाई उंबऱ्यावर उभी हाय. दार उघडतीया." सगळ्यांनी चांगभलं केलं. पृथ्वीराजनं सुद्धा, कानाला पट्टी बांधून.

आता देवच म्हणतोय म्हटल्यावर तू हरकत घेऊन कसं चालंल.

धैर्यशील


२० सप्टेंबर

आक्का,

पोलीस येऊन गेले म्हणं तुझ्याकडं. आणि तू म्हणालीस, "विचार करून सांगते."

कसला विचार गं? आईनं मरायच्या आधी पोरगा बघायचा का न्हाय, ह्येचा? तू तर तिकडं फिरकत सुद्धा न्हाईस. माझी बाजू घेतली म्हणून तिच्याशी बोलणं टाकलंस. तुझ्या आईशी. तुझ्या पाठीचं कातडं सोलत होतं तेव्हा विचार केला न्हाईस, तेव्हा रडत फोन केलास. त्या दिवशी दाजी जेवत होता आणि तू त्येला वाढत होतीस. पाठीवर वळ आणि हातात रश्श्याचं भांडं. मला तिथंच कळाय पाहिजे होतं तू कुणाची हाईस ते.

एक ध्यानात ठेव. आज न्हाय तर उद्या सुटणार मी. जन्मभर कुणाला ठेवत न्हाईत. मलकापूर काय लांब न्हाय कोल्हापुरातनं, एस.टी. थेट दारात सोडती. त्या दिवशी तुझा विचार झालेला असू दे.

जेलात पत्र वाचून सोडत्यात. म्हणून हेबी मागच्यागत तारखेला कोर्टात जाणाऱ्या एकाच्या हातनं बाहेरनं टाकतोय. वाचून फाडून टाक.

धैर्या


६ ऑक्टोबर

आक्का,

हे पत्र सरळ मार्गानं पाठवतोय. साहेब वाचतील तर वाचू देत, त्यांस्नी तोंडानं सांगून झालंय.

बराकीत झडती झाली आणि लपवलेले मोबाइल सापडले. चुगली कुणी केली, म्हणून पृथ्वीराज पिसाळला. त्येनं काय केलं असंल, तर पिराजीला मधी बसवलं आणि देवाला विचारलं. पिराजी लई खराब झालता तोवर. जेवत नव्हता, नळाला शिव्या घालायचा, स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायचा. गोळ्या बंदच होत्या की. त्यो हुंकारला, बोट गोल फिरवलं आणि केरबावर थांबवलं.

केरबा म्हंजे मोटारसायकली चोरणारा म्हातारा. साहेबांच्या ऑफिसात झाडू मारतो, एवढाच त्येचा गुन्हा. त्येला हे मोबाइल कुठं हुते तेबी म्हाईत नसंल.

मी भटारखान्यात होतो. आवाज ऐकून पळालो, हातात आमटी ढवळायचं लाकडी उलथणं, खांद्याएवढं लांब. केरबाला मोरीत उताणा घातलाता आणि पृथ्वीराज त्येच्या छातीवर उड्या मारत होता. बरगडी मोडताना आवाज येतो आक्का, वाळली तुरकाठी मोडावी तसा. म्हाताऱ्याच्या तोंडातनं फेस आणि रगात येत होतं. बाकीचे भोवतीनं उभारून चांगभलं म्हणत हळद उधळत होते. मी आणून दिलेली हळद.

हे आपण केलंय, असं मला तवाच उमगलं. गोळ्या मी टाकल्यात्या. म्हणून मी चांगल्या मनानं धावलो, एवढं तरी खरं मान. पहिला दणका पृथ्वीराजच्या खांद्यावर घातला, दुसरा गुडघ्यावर. त्यो पडला. केरबा सरपटत भिंतीकडं गेला. झालं, काम झालंतं. तिथं थांबायचं होतं.

मी थांबलो न्हाय. पडलेल्याला मारत राहिलो. तोंडावर, बोटांवर, पाठीवर. राग होता म्हणशील तर राग पहिल्या दणक्यातच निघून गेलता. डोकं थंड. ऊन बराकीत कुठपतोर आलंय तेबी दिसत होतं. कुठं मारलं की कसा आवाज येतोय, ते मी बघत होतो. बरं वाटत होतं आक्का. हे शब्द लिहिताना माझा हात अडला, पण दुसरा शब्द न्हाय त्येला. लई दिवसांनी अंग मोकळं झाल्यागत बरं वाटत होतं.

मागनं कुणीतरी पायाला मिठी मारली. "बास की रं. पडला त्यो. बास की." पिराजी होता. त्येच्या अंगातलं सगळं उतरलंतं आणि त्यो लहान पोरावानी रडत होता. मी मागं न बघता उलथणं फिरवलं. त्येचा कोपर फुटला. हाड बाहेर आलं.

त्यो किंचाळला, आणि मला तू ऐकू आलीस. तूबी माझ्या पायाला अशीच धरून बसलीतीस. "बास कर धैर्या, मेला त्यो, बास कर." आणि मी दाजीला घातलेली पहार तशीच फिरवली. तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात न्हाय, डोईवर घागर घेता येत न्हाय, असं आई सांगायची. मी तिला सांगायचो, दाजीनंच मोडला असंल. वकिलानं तेच कोर्टात सांगितलं आणि मी मुंडी हलवली. इतकी वर्षं सांगून सांगून मलाबी तेच खरं वाटाय लागलं. तू बोट केलंस ते नवऱ्यासाठी न्हाय. तुला माझं भेव वाटत होतं, आणि तू खरं सांगितलंस.

म्याडम आल्या तेव्हा न विचारता मधलं सगळं सांगितलं. गोळ्यांचंबी सांगितलं. पहिल्यांदा चिडलेलं बघितलं त्यांना. "एका आजारी माणसाला तुम्ही देव करून वापरलंत," म्हणाल्या. मी म्हणालो, चुकलं म्याडम, पण तुम्हीच म्हणायचा की, सांगितल्यावर हलकं वाटतं. त्या म्हणाल्या, "मी असं कधीही म्हणाले नाही. तुम्ही हलकं व्हावं म्हणून मी येत नाही इथं. पुढचा माणूस वाचावा म्हणून येते."

मग मला घेऊन जेलरसाहेबांकडं गेल्या. तिथं वेगळाच खेळ. केरबा वाचलाय, बरगड्या मोडल्यात पण जिवंत हाय, आणि त्यो सगळ्यांस्नी सांगतोय की धैर्यशीलनं जीव वाचवला. पृथ्वीराजचा जबडा तारांनी बांधलाय, त्येला बोलता येत न्हाय, आणि आलं तरी मार खाल्लेलं त्यो सांगणार न्हाय. पिराजी म्हणतोय, कोपर देवानं फोडला. साहेबांनी माझं नाव शाबासकीला पाठवलंय, फर्लोला शिफारस म्हणून. मी खरं सांगाय लागलो तर म्हणाले, "अरं, वाचवलास न्हवं त्येला? मग गप बस की. चौकशी मागं लावून घ्यायची हाय का मला?" म्याडम भांडल्या त्यांच्याशी. त्या आपल्या अहवालात खरं लिहिणार हाईत, पण त्यांचा कागद एक आणि साहेबांचा एक, कुणाचा जड होईल ते दिसतंयच.

म्हंजे मला सोडतील आक्का. आता फक्त तुझं म्हणणं राहिलंय.

पोलीस परत येतील. हरकत हाय म्हण. मागचं पत्र फाडलं नसशील तर ते त्यांच्या हातात दे. फाडलं असशील तर हे दे.

तू म्हणशील, तुझा अर्ज तूच मागं घे की. म्याडमनी तो कागद आणून दिलाय, माझ्या उशाखाली हाय. पण मी आज शहाणा हाय म्हणून उद्याबी असीन असं न्हाय. उद्या आईचा निरोप आला, धैर्याला बोलवा म्हणून, तर तो कागद मी फाडणार आणि परत अर्ज करणार. माझ्यावर भरवसा ठेवून हे काम सोडू नको. मला म्हाईत हाय मी कसा हाय, आणि तुला माझ्याहून आधी म्हाईत हाय.

आईकडं मात्र तू जा. तिच्यावर राग असू दे, तरी जा. मी यायचा न्हाय, आणि धोंडुबाई शेजारीण हाय, लेक न्हवं.

धैर्यशील


११ नोव्हेंबर

आक्का,

अर्ज फेटाळल्याचं कळलं. साहेबांनी वाचून दाखवलं, मृताच्या पत्नीची तीव्र हरकत. मागोमाग ऑफिसात धोंडुबाईचा निरोप आला, आई गेली म्हणून. तू शेवटपतोर तिच्यापाशी होतीस, तिच्या तोंडात पाणी तू घातलंस, असंबी तिनं सांगितलं. आई शेवटी कुणाचं नाव घेत होती ते तिनं सांगितलं न्हाय आणि मी विचारलं न्हाय.

हरकत घे असं मीच तुला लिहिलंतं. चांगल्या अक्षरात, शुद्धीत. तरी आई गेल्याचं कळलं तेव्हा पहिलं काय मनात आलं असंल? आई न्हाय आली. तुझी मान आली. माझ्या दोन्ही हातात. तुझे डोळं कसे हुतील तेबी दिसलं. मी भिंतीवर डोकं आपटाय लागलो, तिघा वॉर्डरांनी दाबून धरलं, एकाचा अंगठा मी चावलो. तुला शिव्या घातल्या. ज्या शिव्या दाजी घालायचा त्याच, तसल्याच आवाजात. बराक ऐकत होती.

पिराजी लांब उभारलाता, हात गळ्यात बांधून. त्येच्या गोळ्या आता कंपाउंडर स्वतः देतो. दोस्त असून जवळ आला न्हाय. शहाणा झालाय त्यो. आणि मला त्येचा राग आला न्हाय.

संध्याकाळच्या गिनतीपतोर मी तसाच होतो. तेवढ्या वेळात तू समोर असतीस तर मी तुला मारलं असतं. मी मागितलं तेच जिनं दिलं, तिला. आणि मग मी म्हणालो असतो, आईसाठी केलं. कोर्टात मुंडी हलवली असती.

आता डोकं निवलंय. कपाळावर टाके हाईत. म्याडम येऊन गेल्या. मानेचं सगळं त्यांना सांगितलं, एकबी शब्द गाळला न्हाय. त्या लिहून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पुढं सांगा." आम्ही दोघं हे असंच करत ऱ्हाणार. ह्येनं मी बरा हुईन का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण तोवर तुमच्या बहिणीला धोका नको." मला ते बरोबर वाटलं.

पुढच्या वर्षी मी परत अर्ज करीन. मला म्हाईत हाय. आईचं वर्षश्राद्ध घालायचंय म्हणीन. पत्र लई गोड लिहीन, तुझ्या हाताची विचारपूस करीन, रडीन, आणि ते सगळं मला खरंच वाटत असंल. ते पत्र तू वाचू नको. पोलीस आले की त्यांस्नी आत बसव, चहा दे, आणि हरकत हाय म्हण.

धैर्यशील